छातीत दुखतंय म्हणून आलेला पेशंट: तालुक्याच्या रुग्णालयातल्या नव्या डॉक्टरांसाठी

रात्री पावणेतीनला मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणलेला पन्नाशीचा शेतकरी कॅज्युअल्टीच्या दारात उतरतो. पहिलं वाक्य असतं, "डॉक्टर, गॅस झालाय, एक इंजेक्शन मारा, बरं वाटंल." सोबतचा पुतण्या सांगतो, ओवा दिला, सोडा पाजला, उतार नाही. सरकारी सेवेच्या बॉण्डवर नुकतेच रुजू झालेले तुम्ही ड्युटीवर एकटे. फिजिशियन जिल्ह्याला, अँजिओप्लास्टी जिथे होते ती कॅथलॅब घाट उतरून पलीकडे. तिथून पुढच्या तासाभरात काय करायचं, ते एकापाठोपाठ एक सांगतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती आहे. इतक्या वर्षांत चुकीच्या औषधानं झालेलं नुकसान मी फार थोडं पाहिलं. केसपेपरवर घाईघाईनं लिहिलेल्या 'पुढील उपचारासाठी पाठवले' या ओळीनं झालेलं मात्र खूप पाहिलं. पेशंट पाठवायचाच असतो. पण ईसीजी न काढता, अ‍ॅस्पिरिन न देता, लाइसिसचा (गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा) विचार न करता पाठवला, तर त्याचं हृदय रस्त्यातच मरत जातं.

ड्युटी घेताना

पेशंट येण्याआधीचं काम पाच मिनिटांचं आहे. ईसीजी मशीनमध्ये रोल आहे का, जेली आहे का, बॅटरी किती चालते ते बघा. डिफिब्रिलेटर चार्ज करून एकदा टेस्ट करा. ट्रेमध्ये अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, सॉर्बिट्रेट, अ‍ॅट्रोपिन, अ‍ॅड्रेनॅलिन, अ‍ॅमिओडेरॉन आहे ना? आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्ट्रेप्टोकायनेज किंवा टेनेक्टेप्लेजची वायल कुठे आहे, एक्सपायरी काय, आणि त्या कपाटाची किल्ली रात्री कुणाकडे असते? औषध कपाटात आणि किल्ली फार्मासिस्टच्या घरी, असं झाल्यामुळे आमची पस्तीस मिनिटं गेलेली आहेत. सिस्टरशी हे आजच बोलून घ्या.

नक्की केव्हापासून?

पेशंटला चालू देऊ नका. थेट ट्रॉलीवर घ्या, मॉनिटर लावा आणि बोलणं ईसीजी निघता निघता करा.

छातीत 'दुखतंय' असं फार थोडे म्हणतात. 'आवळल्यागत होतंय', 'दगड ठेवल्यागत वाटतंय', 'जळजळतंय', 'जीव घाबरा होतोय' असं ऐकू येईल. दुखणं जबड्यात, खांद्यांत, दोन्ही हातांत, पाठीत, नुसतं पोटाच्या वरच्या भागातही असू शकतं. साठीची मधुमेही मावशी छातीचं नावच काढणार नाही. दम लागतोय, दोन उलट्या झाल्या, हातपाय गळाले, एवढंच सांगेल. बायका, म्हातारी माणसं आणि मधुमेही यांच्या बाबतीत आपण सर्वांत जास्त फसतो. गार घाम मात्र फार बोलतो. सदरा पाठीला चिकटलेला आणि कपाळावर थेंब दिसले, की इतर काहीही ऐकायच्या आधी मशीन ओढा.

सोडा प्यायल्यावर ढेकर आली आणि बरं वाटलं, म्हणून हृदयाचा आजार नाही असं ठरत नाही. सॉर्बिट्रेटनं, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या जिभेखालच्या गोळीनं, थांबलं म्हणून आहे, असंही ठरत नाही. बोटानं दाबल्यावर दुखलं म्हणून सुटलो असंही समजू नका.

वेळ विचारताना 'कधीपासून' एवढ्यावर भागत नाही. उत्तर येतं, 'काल रात्रीपासून'. लाइसिसचा निर्णय तासांवर असतो, म्हणून माणसाला त्याच्या दिवसातून न्या. जेवताना होतं का? आडवं झाल्यावर? रात्रीच्या लाईटला मोटर चालू करायला गेलात तेव्हा होतं का? "मोटर चालू करून परत येताना बांधावर बसलो" असं तो सांगतो, लाईट एकला आली होती हे पुतण्याला माहीत असतं, आणि तुम्हाला वेळ मिळते. ती केसपेपरवर घड्याळाच्या आकड्यात लिहा. मधून मधून येणारं दुखणं असेल, तर सतत कधीपासून आहे ते वेगळं लिहा.

पेशंट उशिरा येतो, हे आपल्याकडचं जुनं दुखणं आहे. २००८ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या क्रिएट या हृदयविकाराच्या पेशंटांच्या नोंदणीत भारतातल्या ८९ केंद्रांतले २०,४६८ पेशंट होते. त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचायला लागलेला मध्यक वेळ ३६० मिनिटं निघाला. म्हणजे दारात आलेला माणूस बहुधा सहा तास आधीच घालवून आलेला असतो. त्यात भर आपण घालायची नाही.

दहा मिनिटांत ईसीजी

पेशंट दारात आल्यापासून दहा मिनिटांच्या आत ईसीजी तुमच्या हातात हवा. जगभरच्या मार्गदर्शक सूचनांत हाच आकडा आहे, आणि तालुक्याच्या ठिकाणीही तो जमतो.

अडचण येते ती घामाची. छातीवरचे रबरी बल्ब घामावरून घसरतात, रेघ वरखाली पोहत राहते आणि मग 'मशीन खराब आहे' असं ठरतं. छाती गॉजनं कोरडी पुसा, केस दाट असतील तर दोन फटक्यांत रेझर मारा, मग जेली लावा. दुसरी नेहमीची चूक जागेची. व्ही१ आणि व्ही२ बहुतेक ठिकाणी एक फासळी वर लावलेल्या दिसतात. गळ्याच्या खाली छातीच्या हाडावर बोट फिरवलं की एक उंचवटा लागतो. तिथे दुसरी फासळी जोडलेली असते. तिच्या खालची दुसऱ्या-तिसऱ्यामधली जागा सोडायची, तिच्याखालची सोडायची आणि चौथ्या जागेत लीड लावायची. व्ही४ पाचव्या जागेत, मधल्या कॉलरबोनच्या रेषेवर. बाई असेल तर स्तनाखाली, वर नाही. पडदा ओढून, सिस्टरला सोबत घेऊन, सांगून लावा. संकोचापोटी भलत्या जागी लावलेल्या लीडचा उपयोग नाही.

ईसीजी वाचताना आधी एसटी बघा, म्हणजे रेघेतला क्यूआरएसचा टोकदार भाग आणि टीचा उंचवटा यांच्यामधला तुकडा. शेजारशेजारच्या दोन लीडमध्ये एसटी एक मिलिमीटर किंवा जास्त उचललेला असेल, तर तो एसटी एलिव्हेशनचा अ‍ॅटॅक. व्ही२ आणि व्ही३ला माप थोडं वेगळं आहे: चाळिशीवरच्या पुरुषात २ मिलिमीटर, चाळिशीच्या आतल्या पुरुषात २.५, स्त्रीमध्ये १.५. व्ही१ ते व्ही४ उचललेल्या म्हणजे पुढची भिंत. लीड दोन, तीन आणि एव्हीएफ उचललेल्या म्हणजे खालची भिंत. अशा वेळी समोरासमोरच्या लीडमध्ये एसटी खाली गेलेला दिसला, तर खात्री वाढते.

खालच्या भिंतीचा अ‍ॅटॅक दिसला की तिथेच थांबू नका. व्ही४ची लीड उचलून उजव्या बाजूला त्याच जागी लावा आणि पुन्हा काढा. तिथे एसटी वर असेल तर उजवं हृदय गुंतलेलं आहे. या पेशंटला सॉर्बिट्रेट दिलं की बीपी कोसळतं. त्याला सलाईन लागतं, २५० मिली देऊन छाती ऐकत ऐकत पुढे जायचं.

व्ही१ ते व्ही३मध्ये एसटी खाली आणि आर उंच दिसला, तर पाठीमागच्या लीड लावा, डाव्या खांद्याच्या पात्याखाली. तिथे अर्धा मिलिमीटर वर असला तरी पुरे, तो मागच्या भिंतीचा अ‍ॅटॅक आहे. बऱ्याच लीडमध्ये एसटी खाली आणि फक्त एव्हीआरमध्ये वर असेल, तर डाव्या मुख्य नळीत किंवा तिन्ही नळ्यांत अडथळा असू शकतो. तो ईसीजी ताबडतोब कार्डिऑलॉजिस्टला पाठवा. लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक दिसला आणि गोष्ट जुळत असली, तरी तेच. फोटो पाठवा, फोन करा. फोटो काढताना कागद सपाट ठेवून, उजेडात, सगळ्या बारा लीड येतील असा काढा.

आणि पहिला ईसीजी नॉर्मल आला तर?

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. बत्तीस वर्षांचा ड्रायव्हर, दिवसभर तंबाखू, रात्री बाराला छातीत जळजळ. ईसीजी काढला, स्वच्छ होता. वय बघून मी निवांत झालो, पॅन्टोप्रॅझोल दिलं आणि घरी पाठवलं. पहाटे पाचला तोच माणूस परत आला, व्ही१ ते व्ही५ सगळा एसटी वर. पाच तास मी घालवले होते, आणि ते त्याच्या डाव्या वेन्ट्रिकलनं भरले. आजही दम लागल्याशिवाय त्याला गाडीचं चाक बदलता येत नाही. तेव्हापासून दुखणं चालू असेल आणि ईसीजी साधा असेल, तर दर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा काढतो, लीडच्या जागांवर पेनानं खुणा करून, म्हणजे तुलना खरी होते. आपल्याकडे अ‍ॅटॅक तरुण वयात येतात, हे डोक्यात पक्कं ठेवा.

ट्रोपोनिनबद्दल, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाबद्दल, थोडक्यात. एसटी वर असेल तर त्या रिपोर्टसाठी एक मिनिटही थांबायचं नाही. एसटी वर नसेल तेव्हा तो कामाचा आहे. पण साध्या किटवर दिसायला त्रास सुरू झाल्यापासून तीन ते सहा तास लागू शकतात, म्हणून एक निगेटिव्ह आला तरी पुन्हा करावा लागतो.

पहिल्या गोळ्या

अ‍ॅस्पिरिन ३०० ते ३२५ मिलिग्रॅम, साधी, कोटिंग नसलेली, चावून खायला लावा. "गिळू नका, चावा, कडू लागू दे," असं सांगा. या स्वस्त गोळीची ताकद किती, ते १९८८च्या आयसिस-२ या अभ्यासानं दाखवलं. १७,१८७ पेशंट होते. पाच आठवड्यांतले हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराचे मृत्यू एकट्या अ‍ॅस्पिरिननं २३ टक्क्यांनी, एकट्या स्ट्रेप्टोकायनेजनं २५ टक्क्यांनी आणि दोन्ही मिळून ४२ टक्क्यांनी कमी झाले. ही दोन्ही औषधं तुमच्या रुग्णालयात असतात.

सोबत क्लोपिडोग्रेल ३०० मिलिग्रॅम. लाइसिस द्यायचं असेल आणि वय पंचाहत्तरच्या वर असेल, तर फक्त ७५. पेशंट थेट अँजिओप्लास्टीला जाणार असेल, तर कुठलं आणि किती ते समोरच्या कार्डिऑलॉजिस्टला विचारून द्या. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ८० मिलिग्रॅम. सॉर्बिट्रेट ५ मिलिग्रॅम जिभेखाली, पण तीन गोष्टी बघून: वरचं बीपी शंभरच्या खाली नाही, उजवं हृदय गुंतलेलं नाही, आणि पेशंटनं सिल्डेनाफिलसारखी गोळी गेल्या चोवीस तासांत (टाडालाफिल असेल तर अठ्ठेचाळीस तासांत) घेतलेली नाही. हा प्रश्न पुतण्याला बाहेर पाठवून विचारा.

ऑक्सिजन सॅच्युरेशन ९० टक्क्यांच्या खाली असेल तरच लावा. नातेवाइकांना नळी दिसली की बरं वाटतं, पण गरज नसताना तिचा फायदा नाही.

दुखतंय म्हणून कमरेत डायक्लोफेनॅक मारू नका, हे मी हात जोडून सांगतो. ही औषधं अ‍ॅटॅकमध्ये अपाय करतात, आणि लाइसिसनंतर त्याच जागी रक्ताची गाठ धरते. दुखणं फार असेल तर मॉर्फिन २ ते ४ मिलिग्रॅम, हळूहळू शिरेतून.

पाठवायचं की इथेच औषध?

एसटी वर आहे, त्रास बारा तासांच्या आतला आहे. आता एकच हिशोब करायचा. निदान झाल्यापासून १२० मिनिटांत अँजिओप्लास्टीची वायर हृदयाच्या बंद नळीतून जाईल का? इथे मनाशी खरं बोला. गाडी यायला वीस मिनिटं, चढवायला दहा, घाट आणि हायवे मिळून दीड तास, तिथे गेल्यावर टीम घरून यायची. नकाशावर सत्तर किलोमीटर दिसतात म्हणून 'होईल दोन तासांत' असं ठरवू नका. कॅथलॅबला फोन करून टीम आत्ता हजर आहे का, ते विचारा. दोन तासांत जमणार असेल, तर गोळ्या देऊन ताबडतोब निघा, कारण वेळेत झालेली अँजिओप्लास्टी सर्वांत चांगली. जमणार नसेल तर लाइसिस इथेच, शक्य तितक्या लवकर. निर्णय झाल्यापासून दहा मिनिटांत औषध शिरेत जावं, हे लक्ष्य. पहिल्या तीन तासांत दिलेल्या औषधाला तोड नाही. गुठळी ताजी असते, विरघळते.

देण्याआधी विचारायचं ते असं: मेंदूत कधी रक्तस्राव झाला होता का? गेल्या सहा महिन्यांत लकवा? मेंदूत गाठ? महिन्याभरात मोठं ऑपरेशन, डोक्याला मार, शौचावाटे किंवा उलटीतून रक्त? रक्त न गोठण्याचा आजार? यातल्या एकाचंही उत्तर हो असेल, तर लाइसिस नाही, मग कितीही लांब असलं तरी पाठवा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, गरोदरपण असेल, बराच वेळ सीपीआर झाला असेल, तर कार्डिऑलॉजिस्टला फोनवर घेऊन ठरवा. बीपी १८०/११०च्या वर असेल तर आधी खाली आणा.

दोन्ही हातांचं बीपी घ्या आणि दोन्ही मनगटांची नाडी एकाच वेळी धरून बघा. अर्धा मिनिट लागतं. पाठीत चिरत गेल्यासारखं दुखलं असेल आणि दोन हातांत ठळक फरक असेल, तर महाधमनी फाटलेली असू शकते. त्यात हे औषध जीव घेतं.

नातेवाइकांशी बोलताना कागद पुढे सरकवून 'सही करा' म्हणू नका. मी असं बोलतो: "काका, तुमच्या भावाच्या हृदयाची नळी गुठळीनं बंद झालीये. ती विरघळवायचं औषध आपल्याकडे आहे. शंभरातल्या एखाद्याला मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, तो धोका आहे. पण न देता तासभर थांबलो, तर त्याहून मोठा धोका आहे. मी देतो म्हणतोय. तुम्हाला काय विचारायचंय?" बहुतेक वेळा प्रश्न येतो, "मोठ्या दवाखान्यात न्यायला नको का?" "न्यायचंच आहे, औषध देऊन नेऊ," असं उत्तर दिलं की सही होते.

औषध चालू असताना

आधी दोन हातांत दोन इंट्राकॅथ, रक्ताचे नमुने त्याच वेळी काढून ठेवा. डिफिब्रिलेटर पलंगाला लावलेला हवा.

स्ट्रेप्टोकायनेज १५ लाख युनिट, १०० मिली नॉर्मल सलाईनमध्ये, तीस ते साठ मिनिटांत. वायल गदागदा हलवू नका, फेस होतो. तळहातांत धरून हळू फिरवा. पूर्वी कधी हे घेतलं असेल तर पुन्हा देऊ नका, शरीरात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं असतात. बीपी खाली येणं नेहमीचं आहे. वेग कमी करा किंवा थोडं थांबवा, पाय उंच करा, सलाईन द्या, सावरलं की पुन्हा सुरू.

टेनेक्टेप्लेज मिळालं तर उत्तमच, एका दमात पाच ते दहा सेकंदांत देऊन होतं. डोस वजनावर: ६० किलोच्या आत ३० मिलिग्रॅम, ६० ते ७०ला ३५, ७० ते ८०ला ४०, ८० ते ९०ला ४५, ९० आणि वर ५०. वय पंचाहत्तर किंवा अधिक असेल तर अर्धा. वजन करायला काट्यावर उभं करू नका, विचारा आणि अंदाज घ्या. डेक्सट्रोजच्या लाईनमधून देऊ नका, आधी-नंतर नॉर्मल सलाईननं लाईन धुवा. सोबत एनॉक्सापॅरिन: पंचाहत्तरच्या आत ३० मिलिग्रॅम शिरेतून, मग दर किलोला १ मिलिग्रॅम त्वचेखाली दर बारा तासांनी. पंचाहत्तरपासून पुढे शिरेतला डोस नाही आणि किलोला ०.७५. किडनी खराब असेल तर विचारून.

नळी उघडताना मॉनिटर विचित्र दिसतो. रुंद कॉम्प्लेक्सची, साठ ते शंभरच्या वेगाची संथ लय काही वेळ येते आणि जाते. बीपी टिकून असेल तर हात लावू नका. पण व्हेन्ट्रिक्युलर फिब्रिलेशन झालं तर ताबडतोब शॉक, बायफेजिक मशीनवर २०० जूल, आणि लगेच छातीवर दाब सुरू. अचानक डोकं दुखणं, उलटी, बोलणं अडखळणं, गुंगी दिसली, तर औषध बंद आणि सीटीची तयारी.

साठ ते नव्वद मिनिटांनी पुन्हा ईसीजी. सर्वांत जास्त उचललेल्या लीडमध्ये एसटी निम्म्याहून जास्त खाली आला आणि दुखणं गेलं, तर नळी उघडली असं धरायचं. नाही आला तर तातडीची अँजिओप्लास्टी लागते. म्हणूनच हा निकाल कळेपर्यंत वाट बघत बसू नका. औषध देऊन झालं की गाडी निघाली पाहिजे. उघडली असली तरी दोन ते चोवीस तासांत अँजिओग्राफी करायचीच असते.

एसटी वर नसेल तर

एसटी खाली, टी उलटा, ट्रोपोनिन वाढलेलं, किंवा गोष्ट पक्की जुळणारी: यात लाइसिस द्यायचं नाही, फायदा नाही आणि रक्तस्रावाचा धोका आहे. अ‍ॅस्पिरिन, स्टॅटिन, एनॉक्सापॅरिन, दुसरी अँटिप्लेटलेट विचारून. दुखणं थांबत नसेल, बीपी पडत असेल, फुप्फुसात पाणी भरत असेल किंवा लय बिघडत असेल, तर हा पेशंटही एसटी वर असल्याइतकाच तातडीचा, लगेच पाठवा. बाकीच्यांना साधारण चोवीस तासांत कॅथलॅबच्या ठिकाणी पोचवायचं.

गाडीत चढवताना

१०८ला फोन लाइसिस सुरू करतानाच करा, संपल्यावर नाही. डिफिब्रिलेटर असलेली गाडी मागा. समोरच्या डॉक्टरशी स्वतः बोला. सोबत सगळे ईसीजी, आणि एका कागदावर वेळेचे चार आकडे: त्रास सुरू झाला ती वेळ, दारात आला ती, पहिल्या ईसीजीची, औषधाची. कुठलं औषध किती दिलं तेही, म्हणजे तिकडे पुन्हा लोडिंग डोस दिला जाणार नाही. रेशनकार्ड आणि आधार घरून मागवायला पुतण्याला आधीच पाठवलेलं असावं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते, तिथल्या आरोग्यमित्राला भेटायचं, हे त्याला नीट समजावा. पैशाच्या भीतीनं लोक अर्ध्या वाटेतून घरी वळतात, तेव्हा हे दोन मिनिटांचं बोलणं फार कामाला येतं.

गाडी गेली की ट्रेमधली वायल भरून घ्या.

महिन्याभरानं तो माणूस तुमच्या ओपीडीत येईल, स्टेंट घालून, मोठी फाइल घेऊन. तंबाखू सुटली का ते विचारा, मावशी असेल तर मिश्रीचं वेगळं विचारा, कारण मिश्रीला ती तंबाखू मानत नाही. आणि गोळ्यांची पाकिटं प्रत्यक्ष बघा. बरं वाटतंय म्हणून, किंवा दात काढायचाय म्हणून, अ‍ॅस्पिरिनसोबतची दुसरी गोळी परस्पर बंद होते आणि स्टेंटमध्ये पुन्हा गुठळी धरते. ती साधारण वर्षभर चालवायची असते. मी फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनानं, मोठ्या अक्षरांत लिहितो: 'या दोन गोळ्या अमुक तारखेपर्यंत एकही दिवस चुकवू नका. कुणीही बंद करायला सांगितलं तर आधी इथे या.' खाली रुग्णालयाचा फोन, आणि ज्याला वाचता येतं त्या घरातल्या पोराकडून ते एकदा मोठ्यानं वाचून घेतो.